श्वास मोजला, जंतूचं काय?

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. हिवाळ्यात या भागात पहाटेच चुली पेटतात, थंडीमुळे दारं लावलेली असतात, धूर आतच कोंडतो. अशा दिवसांत बाळाचं ‘पोट उडतंय’ म्हणून आई आशाताईंकडे येते, तेव्हा आशाताईंनी करायचं पहिलं काम एकच. बाळाचं झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, तेही बाळ शांत असताना. रडताना किंवा अंगावर पिताना मोजलेल्या आकड्याला अर्थ नसतो.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतल्याचे 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले, तर न्यूमोनिया समजून उपचार सुरू करायचे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल किंवा बाळाने पिणं सोडलं असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

नुसत्या मोजणीवर इतकी भिस्त कशी ठेवायची? त्याचं उत्तर शेजारच्याच जिल्ह्यात सापडतं. गाढवी पुढे गडचिरोली जिल्ह्यात जाते. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1988 मध्ये शंभरावर गावांत एक प्रयोग सुरू केला. काही गावांत आरोग्यसेवक आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखून कोट्रायमॉक्सॅझोल हे प्रतिजैविक द्यायला शिकवलं, उरलेल्या गावांशी तुलना केली. उपचार मिळालेल्या 612 आजारांत मृत्यूचं प्रमाण 0.8 टक्के राहिलं. तुलनेच्या गावांत ते 13.5 टक्के होतं. 1990 मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. निरक्षर सुईणींसाठी संस्थेने मणी आणि एका मिनिटाची वाळूची घटिका असलेलं साधन बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत मर्यादा दाखवणारा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. बालआरोग्यासाठी महाराष्ट्रात झालेल्या कामांत इतकं साधं आणि इतकं परिणामकारक दुसरं क्वचितच असेल.

मात्र त्या मण्यांना जंतूचं नाव कळत नव्हतं. आज मोठ्या शहरातल्या बालरोगतज्ज्ञालाही ते बहुतेक वेळा कळत नाही.

अडचण फुफ्फुसाच्या जागेतच आहे. संसर्ग आत खोल असतो आणि लहान मूल बेडका थुंकत नाही, गिळून टाकतं. नाकातला स्राव तपासावा, तर न्यूमोकोकससारखे जिवाणू ठणठणीत मुलांच्या नाकातही सुखाने राहतात. सापडला तोच गुन्हेगार असं म्हणता येत नाही. रक्त तपासावं, तर न्यूमोनियाचा जंतू रक्तात उतरतोच असं नाही. एक्स-रेवर डाग दिसतो, पण तो विषाणूचा की जिवाणूचा हे खात्रीने सांगता येत नाही. सुईने थेट फुफ्फुसातला नमुना घेणं सर्वांत बोलकं. 1980च्या दशकात पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान आणि सहकाऱ्यांनी त्यातूनच न्यूमोकोकस आणि हिमोफिलस या जिवाणूंचा मोठा वाटा दाखवला. पण प्रत्येक तापलेल्या बाळाच्या छातीत सुई कोण घालणार?

म्हणून कारण शोधायचं, तर एका बाळापेक्षा हजारो बाळांत शोधावं लागतं. ‘पर्च’ या अभ्यासात बांगलादेश, थायलंड आणि आफ्रिकेतल्या पाच देशांतली तीव्र न्यूमोनियाची 4,232 मुलं तपासली, तुलनेसाठी न्यूमोनिया नसलेली पाच हजारांवर मुलंही. निष्कर्ष 2019 मध्ये आले. एचआयव्ही नसलेल्या आणि एक्स-रेत न्यूमोनिया दिसलेल्या मुलांत सुमारे 61 टक्के आजारांमागे विषाणू होते, 27 टक्क्यांमागे जिवाणू. एकट्या आरएसव्ही या विषाणूचा वाटा 31 टक्के. रक्तात जिवाणू वाढला तो शंभरात जेमतेम तिघांच्या.

म्हणजे प्रतिजैविक घेणाऱ्या अनेक मुलांना त्याची गरज नसते. तरीही ते द्यावं लागतं, कारण गरज असलेलं मूल कोणतं हे वेळेत ओळखता येत नाही, आणि तेच मूल दोन दिवसांत हातचं जाऊ शकतं. हा निष्काळजीपणा नाही, नाइलाजाने केलेली योग्य निवड आहे.

पूर्व विदर्भात गुंता आणखी वाढतो. मलेरियातही ताप आणि जलद श्वास एकत्र येतात, त्यामुळे बोटाच्या रक्ताची तपासणी सोबत हवीच. सिकलसेल असलेल्या मुलाला न्यूमोकोकसचा धोका जास्त, आणि त्याच्या छातीतलं दुखणं वेगळ्याच गंभीर गुंतागुंतीचंही असू शकतं. औषध घेऊनही खोकला हटत नाही, वजन वाढत नाही, घरात कुणाला क्षय आहे, अशा वेळी मुलाच्या जठरातला स्राव काढून क्षयाची तपासणी करावी लागते.

कारणांचा हा शोध लसींच्या रूपाने गावापर्यंत पोहोचला आहे. हिमोफिलसविरुद्धची लस पेंटाव्हॅलंटमधून मिळते; न्यूमोकोकसची लस 2021 पासून देशभर सरकारी कार्यक्रमात आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना.

प्राथमिक आरोग्य केंद्रात मात्र आणखी एक वस्तू आग्रहाने मागायला हवी: बाळाच्या पावलाला गुंडाळता येणारा ऑक्सिमीटर. मोठ्यांच्या बोटाचा चिमटा तान्ह्याला नीट बसत नाही. ऑक्सिजन 90 टक्क्यांखाली आहे हे त्यातून कळलं, की जंतू कुठलाही असो, बाळाला ऑक्सिजन लावून पुढे पाठवायचं हे तिथल्या तिथे ठरतं.