दिवा मंद करण्याचें बटण व त्यावरील वॅटचा आंकडा

देवळा तालुक्यांत मळ्यांतून जीं नवीं घरें उभीं राहत आहेत, त्यांपैकीं कांहींच्या बैठकींत व निजण्याच्या खोलींत दिवा मंद-तेज करण्याचें फिरतें बटण दिसूं लागलें आहे. व्यवहारांत त्यास डिमर म्हणतात. सोय चांगली आहे. तान्ह्या मुलाच्या वा आजारी माणसाच्या खोलींत तर फारच. परंतु त्याच्या पाठीवर छापलेला वॅटचा आंकडा घेणारा बहुधा वाचीत नाहीं, आणि बसविणारा सांगत नाहीं. त्या आंकड्याचा अर्थ येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

आपल्याकडील वीज सेकंदास 50 फेरे घेते व प्रत्येक फेऱ्यांत दोन अर्ध्या लाटा असतात. डिमरमधील ट्रायॅक नांवाचा लहानसा तुकडा प्रत्येक अर्ध्या लाटेचा कांहीं भाग अडवून उरलेला दिव्याकडे सोडतो. म्हणजे सेकंदास 100 वेळां दार मिटतें व उघडतें. भिंतींत मावणारा असा घरगुती डिमर जोएल स्पायरा यांनीं 1959 सालीं न्यूयॉर्क येथें तयार केला. जुन्या पंख्यांचे तारेच्या वेटोळ्यांचे रेग्युलेटर हातास कसे तापलेले लागत, हें पुष्कळांस आठवत असेल. तेथें अडविलेली वीज उष्णता होऊन वायां जाई. नव्या तऱ्हेंत ती उधळपट्टी राहिली नाहीं, पण उष्णता सर्वस्वी गेली असेंही नव्हे. 400 वॅटच्या डिमरवर पूर्ण भार असतां 230 व्होल्टांवर पावणेदोन अँपिअर प्रवाह वाहतो, आणि ट्रायॅकमध्यें सुमारें दोन वॅट उष्णता उत्पन्न होते. दोन वॅट म्हणजे क्षुल्लक, असें वाटेल. परंतु ती काड्यापेटीएवढ्या डबींत, गिलाव्याच्या आंत कोंडलेली असते. भार वाढला कीं ही उष्णताही वाढते. प्रथम प्लास्टिक पिवळें पडतें, मग वास येतो, व पुढें आगीची भीति असते. दिवा मंद असतां डिमर अधिक तापतो, असा एक समज आहे. या तऱ्हेच्या डिमरांत दिवा पूर्ण तेजावर असतांच तो अधिक तापतो.

आतां मुख्य मुद्दा. बोर्डाच्या मुळाशीं एमसीबी आहे, भार जास्त झाला तर तो आपोआप पडेल, अशा भरंवशावर पुष्कळ लोक असतात. दिव्यांच्या फांट्यावर साधारणतः 6 अँपिअरचा एमसीबी असतो. 6 गुणिलें 230 म्हणजे 1380 वॅट. 400 वॅटच्या डिमरवर 700 वॅटांचे दिवे जोडले, तरी एमसीबीच्या हिशेबीं सर्व आलबेल आहे. तो तारांचें रक्षण करतो, डिमरचें करीत नाहीं. आमची उमर महसुली दप्तरांत गेली, त्यामुळें बेरीज पाहिल्यावांचून सही करण्याची आम्हांस संवय नाहीं. डिमरवर चालणाऱ्या एकूण एक दिव्यांचे वॅट मांडावे, बेरीज करावी, व ती मर्यादेच्या तीन चतुर्थांशांहून अधिक होऊं देऊं नये. शंभराचे चार पिवळे बल्ब 400 वॅटच्या डिमरवर कागदोपत्रीं बसतात. पण रात्रीं मोटारी बंद होऊन दाब चढला कीं शंभराचा बल्ब शंभराहून अधिक ओढतो. एकाच डबींत दोन-तीन डिमर शेजारीं बसविल्यास प्रत्येकाची मर्यादा आणखी कमी धरावी लागते.

2015 सालीं उजाला योजना आल्यापासून घरोघर 9 वॅटचे एलईडी दिवे आले. 400 भागिलें 9 करून चव्वेचाळीस दिवे लावावे काय? मुळींच नाहीं. डिमरवरील आंकडा बहुधा पिवळ्या बल्बांसाठीं असतो. एलईडी दिवा सुरू होतांना क्षणभर पुष्कळच अधिक प्रवाह खेंचतो, म्हणून त्यांच्यासाठीं वेगळा, बराच लहान आंकडा छापलेला असतो. तो नसल्यास डिमर एलईडीसाठीं घेऊं नये. दिव्याच्या खोक्यावरही तो मंद करतां येण्याजोगा असल्याचें लिहिलेलें हवें. बहुतेक साधे एलईडी तसे नसतात. ते लुकलुकतात, गुणगुणतात व लवकर जातात. उलट, जुन्या डिमरला कांहीं किमान भारही लागतो. एकटा 9 वॅटचा दिवा तो भागवूं शकत नाहीं.

पंख्याचा रेग्युलेटर दिव्यांस लावूं नये. तो सुमारें 75 वॅटच्या एका पंख्यापुरता केलेला असतो. दिव्याचा डिमर पंख्यास, फवारणीच्या मोटारीस वा पाण्याच्या पंपास तर कदापि लावूं नये.

डिमर फेजच्या तारेंतच बसवावा. काम परवानाधारक वायरमनकडून, मेन स्विच बंद करून, टेस्टरनें पाहून मगच व्हावें. बटण शून्यावर फिरविलें म्हणजे दिव्याच्या होल्डरांतील वीज गेली, असें समजूं नये. बल्ब बदलतांनाही मेन बंद करावा.

ज्यांच्याकडे कोंबड्यांचीं पिलें आहेत, ते उबेसाठीं शंभराचे बल्ब टांगून पिलें वाढतील तशी ऊब उतरविण्याकरितां डिमर लावतात. तेथें दिवे रात्रभर जळतात, तुसाची धूळ डबींत शिरते व शेडमधील हवाही ऊनच असते. अशा ठिकाणीं मर्यादेच्या निम्म्याहून अधिक भार देऊं नये. बल्ब अधिक असल्यास दोन वेगळे डिमर घ्यावे, व ते तुसापासून दूर, झांकण असलेल्या पेटींत बसवावे.