दर्या बंद असताना सर्व्हरने काय सांगावं?

या लेखमालेत लॉगिन आणि परवानग्यांचं प्रकरण आज घेणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण मालवणच्या एका वाचकाचा प्रश्न त्याआधी निकालात निघायला हवा. गृहस्थ मच्छीमार कुटुंबातले आहेत. जून महिन्यात त्यांच्या मुलाने मोबाइलवरच्या एआय सहायकाला विचारलं, "आज खंय जावचा?" सहायकाने मालवणच्या पश्चिमेला अमुक किलोमीटरवर बांगडा मिळण्याची शक्यता आहे, असं उत्तर दिलं. त्या वेळी होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या होत्या. वाचक विचारतात, "तुमचा तो एमसीपी सर्व्हर जोडला म्हणजे हे थांबेल का?"

एमसीपी सर्व्हर म्हणजे एआय सहायकाला बाहेरची माहिती आणून देणारी 'साधनं' पुरवणारा प्रोग्रॅम. तो नुसता जोडून हे थांबणार नाही. सर्व्हर "नाही" कसं म्हणतो यावर ते अवलंबून आहे, आणि सर्व्हर लिहिणाऱ्यांचं सगळ्यात कमी लक्ष याच गोष्टीकडे असतं. मला तर हा या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो.

आधी खरी माहिती कुठून येते ते पाहू. हैदराबादची 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था १९९९पासून समुद्राच्या माहितीचं काम करते. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य मोजायचं, थंड आणि उबदार पाण्याची सीमा कुठे जुळते ते शोधायचं आणि तिथे मासळी जमण्याचा संभव आहे अशी सूचना काढायची, हे तिचं एक मोठं काम. सूचनेत मासे उतरवण्याच्या प्रत्येक केंद्रापासूनची दिशा, अंश, किलोमीटरमध्ये अंतर, मीटरमध्ये खोली आणि अक्षांश-रेखांश असतात. प्रादेशिक भाषांतही ती निघते. पण उपग्रहाचे हे डोळे ढगांपलीकडे पाहू शकत नाहीत. त्यामुळे आभाळ भरलेलं असलं की त्या भागाची सूचना निघत नाही. बंदीच्या काळातही ती नसते.

म्हणजे आपल्या किनाऱ्यावर "आज सूचना नाही" हे उत्तर वर्षातले कित्येक दिवस बरोबर उत्तर असतं. तो सर्व्हरचा बिघाड नव्हे.

आता गेल्या आठवड्याच्या लेखातला सर्व्हर उघडा. त्यात बंदराचं नाव घेऊन सूचनांची यादी परत देणारं साधन आपण लिहिलं होतं. बहुतेक प्रोग्रॅमर अशा ठिकाणी सवयीने एक गोष्ट करतात. काही सापडलं नाही, तर रिकामी यादी परत. जोडणी तुटली तरी रिकामी यादीच. दुसऱ्या प्रोग्रॅमला हे चालतं, तो शून्य ओळी दाखवून मोकळा होतो. भाषेच्या मॉडेलचं तसं नाही. त्याने मालवण, बांगडा, सुरमई, किलोमीटर हे शब्द असंख्य वेळा एकत्र वाचलेले असतात. रिकाम्या यादीत त्याला कोणतंच कारण मिळत नाही, मग त्या मोकळ्या जागेत पटण्यासारखं वाक्य येऊन बसण्याचा धोका मोठा. वाचकांच्या मुलाच्या सहायकाला तर साधनच जोडलेलं नव्हतं, पण रिकामी यादी देणारं साधन जोडलं असतं तरी फार फरक पडला असता असं मला वाटत नाही.

म्हणून माझा नियम असा, की "नाही"चं कारण उत्तरातच लिहायचं. माझ्या सरावाच्या सर्व्हरमध्ये 'स्थिती' हा रकाना सक्तीचा आहे आणि त्यात ठरावीक किमतीच येऊ शकतात: सूचना उपलब्ध, ढगांमुळे सूचना नाही, बंदीचा काळ, मुदत संपली, मूळ स्रोत उघडला नाही, बंदर ओळखता आलं नाही. जून २०२५च्या एमसीपी आवृत्तीपासून साधनाच्या उत्तराचा आराखडा आधीच जाहीर करण्याची सोय झाली आहे, तिथे हा रकाना बांधून टाका. प्रत्येक स्थितीसोबत एक साधं वाक्यही पाठवा, उदाहरणार्थ, "आज या भागावर ढग असल्याने इन्कॉइसची सूचना नाही. अंतर किंवा दिशा अंदाजाने सांगू नका." हे वाक्य मॉडेलसाठी आहे, त्यामुळे ते आज्ञार्थी असलेलं चांगलं.

चूक कळवण्याच्या दोन वाटा एमसीपीच्या २०२४च्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत, आणि त्यांची गल्लत सर्रास होते. एक वाट जेसन-आरपीसीची, म्हणजे एमसीपीचे संदेश ज्या पद्धतीने जातात तिची: नसलेलं साधन मागितलं की उणे ३२६०२सारखा आकडा परत जातो. ती चूक सहायकाचं ॲप पाहतं, मॉडेलपर्यंत ती पोहोचेलच असं नाही. दुसरी वाट साधनाच्या उत्तरातूनच जाते. उत्तर नेहमीसारखं पाठवायचं आणि त्यावर 'इज-एरर' अशी खूण करायची. ती मॉडेल वाचतं आणि त्यावरून पुढचं पाऊल ठरवतं. स्रोत उघडला नाही किंवा बंदराचं नाव जुळलं नाही, तर ही दुसरी वाट घ्या. देवगड, वेंगुर्ले ही नावं इंग्रजीत लोक दोन-तीन प्रकारे लिहितात. "हे बंदर सापडलं नाही, यादीत देवगड, आचरा, सर्जेकोट, मालवण, निवती, वेंगुर्ले आहेत" असं उत्तर गेलं, तर मॉडेल स्वतःच नाव दुरुस्त करून पुन्हा विचारतं. मात्र ढग आणि बंदी यांवर 'इज-एरर'ची खूण करू नका. ती खरी, पूर्ण उत्तरं आहेत. चूक म्हटलं की मॉडेल तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत बसतं.

बंदीचा काळ तर वाटतो तितका सरळ नाही. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना ती लागू नाही. "मासेमारी बंद आहे" एवढंच छापणारा सर्व्हर वल्ह्याच्या होडीवर पोट असलेल्या माणसाला चुकीचं सांगतो. यांत्रिक हा शब्द उत्तरात हवाच. आणि तारखेकडे फार बारकाईने पाहा. भाड्याने घेतलेले बहुतेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. १ ऑगस्टला पहाटे साडेपाचपर्यंत अशा सर्व्हरच्या लेखी ३१ जुलैच असतो. बंदी उठल्यावर पहिल्या पहाटे अंधारातच निघायच्या तयारीत असलेल्या माणसाला तो "बंदी आहे" असं ठामपणे सांगेल. कालक्षेत्र 'एशिया/कोलकाता' असं स्पष्ट लिहा. ते मशीनवर सोडू नका.

वेळेचंच आणखी एक. प्रत्येक उत्तरात सूचना कधी निघाली आणि कधीपर्यंत लागू आहे, या दोन्ही वेळा पाठवा. मुदत संपली असेल तर जुने आकडे पाठवूच नका, "मुदत संपली" एवढं पाठवा. मासळीच्या सूचनेत जुन्या आकड्यांनी फार तर डिझेल फुकट जाईल. पण उद्या कोणी याच सर्व्हरला हवामान खात्याचे इशारे जोडेल. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला समांतर वर सरकलं, तेव्हा इशारे बदलत होते. साठवून ठेवलेला कालचा इशारा आजचा म्हणून देणारा सर्व्हर अशा दिवशी चालूच नसलेला बरा. इशाऱ्यांचं साधन लिहायचं असेल तर त्यात माहितीची साठवण अजिबात ठेवू नये, थोडा उशीर लागला तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

खोलीचं जाता जाता. सूचनेत मीटर असतात, जुनेजाणते वावेत बोलतात. एक वाव म्हणजे सहा फूट, सुमारे १.८३ मीटर. ३६ मीटर म्हणजे २० वावांच्या आसपास. हा हिशेब मॉडेलवर न सोडता सर्व्हरमध्येच करा आणि दोन्ही आकडे पाठवा.

साधनाचं नाव रोमन अक्षरांत ठेवा, अनेक सहायकांना दुसरं चालत नाही. वर्णन मात्र मराठीत लिहिलं तरी चालतं आणि मी ते मराठीतच लिहितो. त्या वर्णनात साधन काय देतं याबरोबर काय देत नाही तेही घाला: मासळीची जात सांगत नाही, किती मिळेल ते सांगत नाही, समुद्र सुरक्षित आहे की नाही हे सांगत नाही. मॉडेल हे वर्णन साधन वापरण्याआधी वाचतं, त्यामुळे बांगड्याची जोड लावण्याचा मोह तिथेच कमी होतो.

सिंधुदुर्ग जिल्हा प्रशासनाने २०२५मध्ये 'मार्व्हल' या राज्य सरकारच्या कंपनीच्या मदतीने कारभारात एआय आणायला घेतल्यापासून इथल्या तरुण मुलांचे मला बरेच प्रश्न येतात. त्यातले बहुतेक "उत्तर कसं मिळवायचं" याबद्दल असतात. त्यांना माझी विनंती आहे, की चाचणीची सुरुवात उत्तर नसलेल्या दिवसांपासून करा. एमसीपी इन्स्पेक्टर उघडा, म्हणजे मॉडेल मध्ये न आणता साधन थेट चालवता येईल. तारीख १५ जून करून विचारा. १ ऑगस्टची पहाट करून विचारा. नेट बंद करून विचारा. बंदराच्या जागी नागपूर घालून विचारा. चारही वेळा वेगळं आणि समजेल असं कारण आलं, की मग सहायक जोडा आणि त्याला मालवणीत विचारा, "आज खंय जावचा?" उत्तरात एकही आकडा सर्व्हरने न दिलेला आढळला, तर वर्णन आणि स्थितीची वाक्यं पुन्हा लिहा.

लॉगिन पुढच्या गुरुवारी. त्यासाठी सर्व्हर घरच्या मशीनवरून उचलून नेटवर ठेवावा लागेल, तेवढी तयारी करून ठेवा.