एफएम गेले, तरी अॅनालॉग रेडिओ संपेल का?

११ जानेवारी २०१७ रोजी नॉर्वेच्या उत्तरेकडील बोडो शहरात राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रक्षेपण थांबले. पुढे एकेक प्रांत घेत डिसेंबरपर्यंत ते देशभर बंद झाले आणि त्याची जागा ‘डॅब’ या अंकीय, म्हणजे डिजिटल पद्धतीने घेतली. मग अॅनालॉग रेडिओचे दिवस भरले असे समजायचे का?

आधी नॉर्वेचे कारण पाहू. देश डोंगरदऱ्यांचा. एफएमच्या लहरी डोंगराआड फारशा वळत नाहीत, म्हणून ठिकठिकाणी प्रक्षेपक उभारावे लागतात. शेजारच्या प्रक्षेपकांची वारंवारता एकच ठेवली, तर लहरी एकमेकींत मिसळून आवाज बिघडतो. डॅबमध्ये माहितीच्या प्रत्येक तुकड्याला २४६ मायक्रोसेकंदांची मोकळीक जोडलेली असते. तेवढ्या वेळात रेडिओलहर सुमारे ७४ किलोमीटर जाते. डोंगरावरून परतलेला किंवा दुसऱ्या प्रक्षेपकाकडून आलेला संदेश या मुदतीत पोचला, तर तो त्रास न देता उलट मदतच करतो! म्हणून सर्व प्रक्षेपक एकाच वारंवारतेवर चालू शकतात. नॉर्वे सरकारच्या मते एफएमचा खर्च डॅबच्या आठपट होता. शिवाय एफएमवर देशव्यापी वाहिन्या पाच, तर डॅबवर त्या वेळी बावीस होत्या.

हिशेब प्रक्षेपणाचा झाला. ऐकणाऱ्याचा वेगळा आहे. अॅनालॉग संदेश क्षीण होत गेला, की खरखर हळूहळू वाढते. पण शब्द बराच काळ कळतात. अंकीय संच चुका स्वतःच दुरुस्त करतो, त्यामुळे आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो. चुका मर्यादेबाहेर गेल्या, की मात्र एकदम शांतता. गाण्याच्या बाबतीत हे चालेल. वादळाची सूचना ऐकणाऱ्या मच्छीमाराला खरखरीतून चार शब्द कळले तरी पुरतात.

संचाचा साधेपणा तर मला याहून महत्त्वाचा वाटतो. तारेचे वेटोळे, जर्मेनियमचा डायोड, क्रिस्टल इअरफोन, लांब एरियल आणि जमिनीत पुरलेली तार एवढ्यावर जवळचे मध्यम लहरींचे केंद्र ऐकू येते. बॅटरीदेखील लागत नाही. लहरींचीच ऊर्जा पुरते. (विद्यार्थ्यांकडून हा संच अवश्य करून घ्यावा.) अंकीय संचाला मात्र सेकंदाला लक्षावधी आकडेमोडी करणारी चिप लागते.

आपल्याकडे आकाशवाणीने तीसहून अधिक मध्यम लहर प्रक्षेपकांवर ‘डीआरएम’ ही अंकीय पद्धत बसवली. परंतु तिचे संच मुख्यतः नव्या मोटारींतच दिसतात. घरातल्या साध्या ट्रान्झिस्टरचा तिथे उपयोग नाही. हे प्रक्षेपक अॅनालॉग व अंकीय संदेश शेजारीशेजारी पाठवू शकतात, म्हणून मधला मार्ग उपलब्ध आहे. नॉर्वेतही अनेक स्थानिक केंद्रांचे एफएम २०१७ नंतर चालूच राहिले. लहान केंद्राला जुना प्रक्षेपक परवडतो आणि ऐकणाऱ्यांपाशी संच आधीच असतात.

निव्वळ डीआरएम प्रक्षेपण आपल्या डायोडच्या संचावर लावले, तर भाषण किंवा गाणे काहीच उमटत नाही. ऐकू येते ती फक्त एकसारखी सूंऽऽ.