गेटवरची नोकरी आणि पुढची वाट

रविवारची सकाळ होती. आमच्या वस्तीतले एक गृहस्थ रात्रपाळी संपवून घरी न जाता थेट माझ्याकडे आले. अंगावर वॉचमनचा निळा शर्ट, डोळे तांबारलेले, हातात प्लॅस्टिकची पिशवी. म्हणाले, "भाऊ, एका इस्पितळात सुपरवायझरची जागा निघालीय. अनुभवाचे दाखले मागतात. माझं काय होतं का बघा."

पिशवी सतरंजीवर रिकामी केली. चार एजन्सींची ओळखपत्रे निघाली, पगाराच्या दोन चिठ्ठ्या निघाल्या आणि साहेबांबरोबर काढलेला एक फोटो. 14 वर्षांच्या नोकरीची शिदोरी एवढीच! बारावी झाल्यावर ते पोलीस भरतीची तयारी करीत होते. भरती निघेपर्यंत हातखर्चाला म्हणून 22 व्या वर्षी गेटवर उभे राहिले. आज वय 36. मागासवर्गीयांसाठी भरतीची वयोमर्यादा 33, तीही मागे पडली. तात्पुरती म्हणून धरलेली नोकरीच कायमची झाली.

वाचकहो, ही गोष्ट एकट्याची नाही. आपल्या वस्त्यांमधून दर चार-पाच घरांमागे एक मुलगा वॉचमन म्हणून लागलेला दिसतो. कामात कमीपणा मुळीच नाही. रात्रभर दुसऱ्याचे घर राखणे ही जबाबदारीच आहे. प्रश्न एवढाच की, ही नोकरी माणसाला पुढे नेते की आहे तिथेच थांबवते?

आधी ती काय देते ते पाहू. वेळेवर हजर राहण्याची सवय लागते. रजिस्टर लिहावे लागते, आत आलेला व बाहेर गेलेला माल चलनाशी व गेटपासशी ताडून पाहावा लागतो. रागावलेल्या माणसाला शांतपणे उत्तर देण्याची कला येते. कारखान्याच्या गेटवर मन लावून काम करणारा मुलगा दोन वर्षांत स्टोअरचे निम्मे काम शिकतो. स्टोअरकीपर, डिस्पॅचचा कारकून, इमारतीचा देखभाल पर्यवेक्षक, सीसीटीव्हीच्या कंट्रोल रूममधला ऑपरेटर, या वाटा गेटवरूनच फुटतात. पण गेटवर जो नुसता बसून राहिला, त्याला त्या दिसत नाहीत.

आता ती काय घेते? पहिली गोष्ट झोप. कागदावर आठ तासांची ड्युटी असते, प्रत्यक्षात बारा तासांची होते. त्यात रिलिव्हर आला नाही की डबल. मग अभ्यासाला वेळ कुठला आणि भरतीसाठी पळण्याचा सराव कुठला? दुसरी गोष्ट वय. भरतीत शारीरिक चाचणीचे आणि लेखी परीक्षेचेच गुण धरतात. वॉचमनगिरीच्या वर्षांना तिथे एक गुणही नाही. म्हणून ज्याला पोलिसात जायचे आहे, त्याने ही नोकरी किती वर्षे करायची ते पहिल्याच दिवशी ठरवावे. होमगार्डमध्येही नाव घालावे, कारण राज्याच्या पोलीस भरतीत होमगार्डसाठी काही जागा राखून ठेवलेल्या असतात.

तिसरी गोष्ट बढती. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी केंद्राचा 2005 चा कायदा आहे. एजन्सीकडे परवाना हवा व तो कार्यालयात दिसेल अशा जागी लावलेला हवा, असे तो सांगतो. त्याखालील आदर्श नियमांत नव्या रक्षकाला वर्गात 100 तास व प्रत्यक्ष 60 तास असे 160 तासांचे प्रशिक्षण ठरवले आहे. त्यात आग विझवणे, प्रथमोपचार, गर्दी आवरणे, ओळखपत्रे तपासणे, इतकेच काय, इंग्रजी मुळाक्षरे व आकडे वाचणेही येते. पण शर्ट अंगात चढवून त्याच रात्री गेटवर उभी केलेली मुले मी पाहिली आहेत. प्रशिक्षण झाले असेल तर त्याचा दाखला मागून घ्या. कारण सुपरवायझर नेमताना हाच कायदा सैन्यात वा पोलिसात तीन वर्षे काढलेल्यांना पसंती द्या म्हणतो. आपल्या मुलाला त्यांच्या रांगेत उभे राहायचे, तर हातात काही कागद हवा.

आपल्या राज्याचा 1981 चा सुरक्षा रक्षकांचा कायदाही लक्षात ठेवावा. त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे स्थापन झाली. मंडळाकडे नोंदलेल्या रक्षकाचा पगार मंडळामार्फत होतो आणि भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस यांचा हिशेब राहतो. नोकरी शोधताना मंडळाची भरती आहे का, याची चौकशी आधी करावी. एजन्सी मागाहून.

आता त्या गृहस्थांकडे वळू. त्यांच्या चौदा वर्षांचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. पहिल्या एजन्सीत तीन वर्षे, फंड नाही. दुसरीत चार वर्षे, फंड कापलेला. तिसरीत एक वर्ष, फंड नाही. चौथीत सहा वर्षे, फंड चालू. चौथ्या एजन्सीने जुना नंबर न विचारता नवाच काढला होता. जुन्या खात्यातली रक्कम काढून घराचे पत्रे बदलावेत, असा त्यांचा विचार होता. अर्जही भरून ठेवला होता.

तो अर्ज मी बाजूला ठेवायला सांगितला. फंडातून पेन्शन मिळायला दहा वर्षांची नोकरी लागते. सहा आणि चार दहा! दोन्ही खाती जोडली तर 58 व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क. जुन्या खात्यातले पेन्शनचे पैसे काढून घेतले असते, तर ती चार वर्षे हिशेबातून गेली असती. त्यांनी पिशवीतून तो अर्ज काढला आणि माझ्यासमोरच फाडला. पत्रे आणखी एक पावसाळा काढतील, म्हणाले.

राहिला अनुभवाचा दाखला. दोन एजन्सी बंद पडलेल्या. पण एजन्सी गेली तरी जिथे पहारा केला ती सोसायटी जागेवरच होती. तिच्या सेक्रेटरींनी चार वर्षांच्या कामाचे पत्र लेटरहेडवर लिहून दिले. चालू एजन्सीचे पत्र मिळवायला तीन चकरा झाल्या, पण मिळाले. इस्पितळातून मुलाखतीला बोलावणे आले आहे. जागा मिळेलच असे नाही. पण या वेळी त्यांच्या हातात पिशवी नसेल, फाईल असेल.

तरुणांनी ही फाईल पहिल्या पगारापासूनच सुरू करावी. नेमणुकीचे पत्र, दर महिन्याची पगारचिठ्ठी, फंडाचा नंबर, प्रशिक्षणाचा दाखला, नोकरी सोडताना अनुभवपत्र. नवीन एजन्सीत जुनाच फंड नंबर सांगावा. बाहेरून शिकायचे असेल तर 1989 साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. रात्रपाळीवाल्याला रोज कॉलेज गाठणे जमत नाही, पण घरी बसून बी. ए., बी. कॉम. करता येते.

घरातल्या माय-भगिनींना एक विनंती. ड्युटीवरून आलेल्या माणसाला दिवसा पाच-सहा तास सलग झोपू द्या, आणि त्याच्या खिशातली पगारचिठ्ठी धुण्यात जाण्याआधी काढून फाईलला लावा. सगळ्यांची घरे राखणाऱ्याचे कागद निदान आपल्या घरात तरी राखले जावेत.