गाडीतला टेप घरी बदलताना

मथळा पाहून काही जण म्हणतील, शेतीखात्यातल्या माणसाला गाडीच्या टेपचे काय पडले आहे? पण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात हल्ली कुठेही शिवारफेरीला जा, कपाशीवरच्या बोंडअळीचे बोलून झाले की विषय गाडीवर येतोच. शेंद्रा-बिडकीनकडे कारखान्यांसाठी जमिनी गेल्या, मोबदला आला, आणि जिथे एखादी जीप असायची त्या गावात आता दारोदारी चारचाकी दिसते. २०१० सालच्या ऑक्टोबरात तर शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या होत्या. ती गोष्ट निराळी, आणि तसल्या गाडीच्या टेपला घरी हातही लावू नये. आपला प्रश्न आहे तो जुन्या बाजारातून घेतलेल्या मारुतीचा, बोलेरोचा, माल वाहणाऱ्या पिकअपचा. मूळचा टेप बंद पडलेला असतो, नाहीतर त्यात कॅसेटचीच सोय असते आणि मुलांना मोबाईल जोडायचा असतो. नव्या यंत्रात फीत औषधालाही नसते, तरी आपण त्याला टेपच म्हणतो. इथेही तसेच म्हणू.

काम घरी होण्यासारखे आहे. दोन-तीन तास आणि थोडी सबुरी लागते. मात्र हीच गाडी पहाटे तीनला माल घेऊन जाधववाडीच्या बाजारात जाते आणि अडीनडीला बाळंतिणीला घेऊन घाटी दवाखान्यात. टेप आणि स्टार्टर एकाच बॅटरीवर जगतात, हे ध्यानात ठेवून काम करायचे.

पैठण तालुक्यातल्या एका बागायतदाराची पिकअप पावसामुळे तीन दिवस दारात उभी होती. चौथ्या दिवशी मोसंबी भरली आणि गाडी सुरूच होईना. बॅटरी पार उतरलेली. ट्रॅक्टर लावून ओढून गाडी चालू केली, पण बाजारात पोचेपर्यंत सौदे उरकले होते. टेप बसवणाऱ्याने पिवळी आणि तांबडी अशा दोन्ही तारा एकत्र पिळून सरळ बॅटरीला दिल्या होत्या. चावी काढली तरी टेप आतून जागाच राहायचा. त्याने एक अँपिअर जरी ओढला, तरी तीन दिवसांचे बहात्तर तास होतात. साठ-सत्तर अँपिअर-तासाची बॅटरी त्यात संपणारच. टेपच्या बटणावरचा दिवा इवलासा, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही.

आता या तारा नीट समजून घेऊ. नव्या टेपच्या मागून निघणाऱ्या तारांचे रंग बहुतेक कंपन्यांत सारखे असतात. पिवळी तार कायम बॅटरीला राहते. तिच्यामुळे घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशने टेपच्या आठवणीत राहतात, आणि टेप बंद असताना तिच्यातून अगदी नगण्य वीज जाते. तांबडी तार चावीची. चावी फिरवली की तिच्यात वीज यावी, चावी काढली की जावी. काळी म्हणजे अर्थ, ती गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जाते. निळी तार एरियल उभी करण्यासाठी किंवा वेगळ्या अँप्लिफायरसाठी असते, गरज नसेल तर तिचे टोक टेप गुंडाळून मोकळे सोडावे. उरल्या स्पीकरच्या चार जोड्या: पांढरी पुढच्या डाव्या, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची. प्रत्येकीच्या जोडीला त्याच रंगाची, काळी रेघ असलेली दुसरी तार असते. तरीही टेपवर चिकटवलेला कागद वाचल्याशिवाय जोडू नये.

गाडीकडून येणाऱ्या तारांचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे. तिथे रंगावर विश्वास ठेवू नये. एखाद्या जुन्या इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब घेऊन त्याला दोन तारा जोडल्या की चाचणीचा दिवा तयार होतो. एक तार सांगाड्याला धरायची, दुसरी एकेका तारेला लावून पाहायची. चावी नसतानाही दिवा लागला तर ती पिवळीची जोडीदार, चावी फिरवल्यावरच लागला तर तांबडीची. चाचणी झाली की बॅटरीचे ऋण टोक सोडावे आणि मगच जोडणीला हात घालावा. घरात बारावी विज्ञान झालेली मुलगी असेल तर तिला वही घेऊन शेजारी बसवा आणि कोणती तार कुठे होती याचा नकाशा काढून घ्या. आपल्याकडे अशा कामात मुलींना बोलावण्याची रीत नाही. कारण काय, ते मला आजवर कळलेले नाही.

यापेक्षाही सोपा मार्ग आहे. गाडीतल्या मूळ टेपमागे एक खटक्याचा सॉकेट असतो. त्या गाडीच्या मेळाचा कपलर शहरातल्या दुकानात मिळतो. त्याचे एक तोंड गाडीच्या सॉकेटात बसते आणि दुसऱ्या टोकाच्या तारा नव्या टेपला जोडायच्या. गाडीची एकही तार कापावी लागत नाही. उद्या गाडी विकायची झाली तर जुना टेप परत बसवता येतो. म्हणून तो टेप, त्याची पट्टी आणि स्क्रू भंगारात न घालता पिशवीत बांधून माळ्यावर ठेवावेत.

टेपची खाच गाडीगणिक बदलत नाही, हे आपले नशीब म्हणायचे. १९३० साली अमेरिकेत शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि मोटारीवरून त्याचे नाव मोटोरोला ठेवले. पुढे कंपनीचेही तेच नाव झाले. त्या काळी मोटारीत रेडिओ बसवणे म्हणजे गाडी खोलून पत्र्याला भोके पाडणे असायचे. फिलिप्स कंपनीची छोटी कॅसेट १९६३ साली आली आणि काही वर्षांत गाड्यांत शिरली. पुढे जर्मनीच्या मानकाप्रमाणे टेपची खाच १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच ठरली. दुकानदार 'सिंगल डिन' म्हणतो ती हीच. पडद्याचा मोठा टेप याच्या दुप्पट उंचीचा, म्हणून तो 'डबल डिन'. दुकानात जाण्याआधी आपली खाच मोजपट्टीने मोजून जावे.

खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असे ठळक छापलेले असते, त्याला भुलू नका. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चार ओहमच्या स्पीकरला प्रत्यक्षात पंधरा ते वीस वॅट मिळाले तरी खूप झाले. पाणबुडी मोटारीच्या पाटीवरची हॉर्सपॉवर आणि पाइपात येणारे पाणी यांचा अनुभव आपल्याला आहेच.

जुन्या जीपवर हात बसलेल्यांसाठी एक इशारा. पूर्वीच्या कित्येक टेपना स्पीकरची एक तार सांगाड्याला दिली तरी चालायचे. आजच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांतून आवाजाचा जोर येतो. त्यातली एक जरी पत्र्याला टेकली तरी आतली आयसी जळते आणि दुकानदार बदलून देत नाही.

फ्यूजबद्दल थोडे परखड बोलतो. मोटारपंपाच्या पेटीत फ्यूज उडाला की जाड तार गुंडाळायची आपली जुनी खोड आहे. गाडीत ती करू नये. टेपमागे दहा किंवा पंधरा अँपिअरचा फ्यूज असतो, तो उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घालावा. बॅटरीपासून वेगळी तार ओढली असेल तर तिचा फ्यूज बॅटरीजवळ हवा, टेपजवळ नव्हे. तार इंजिनाच्या पत्र्यातून आत येते तिथे कडेला घासून उघडी पडते. फ्यूज त्या जागेच्या पुढे असेल तर तो तसाच शाबूत राहतो आणि तार तापून पेट घेते. त्या भोकात रबरी बुश बसवावे, तो दोन-चार रुपयांचा जिन्नस आहे. जोडही नुसते पिळून चिकटपट्टी लावलेले नकोत. आपल्या मे महिन्यात बंद गाडीत त्या पट्टीचा चीक वितळतो आणि तारा उघड्या पडतात. जोड सोल्डर करून वर नळी चढवावी.

काही गाड्यांच्या वाटेला जाऊच नये. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या वेष्टणातले सॉकेट आणि तारा दिसतात, त्यांना स्पर्शही नको. स्टिअरिंगवर आवाजाची बटणे असतील किंवा टेपच्या पडद्यावरच मागचा कॅमेरा दिसत असेल तर जाणकाराकडे जावे. गाडीची हमी चालू असताना तारा कापल्या तर विजेच्या बिघाडाला कंपनी नकार देऊ शकते. महागडा टेप बसवला तर विम्यात त्याची वेगळी नोंद करून घ्यावी, नाहीतर तो चोरीला गेल्यास भरपाई मिळत नाही. काही मूळ टेप बॅटरी काढल्यावर सांकेतिक आकडा मागतात, तो गाडीच्या कागदांत आधीच शोधून ठेवावा.

आवाजाचे काय? उसाच्या हंगामात रात्री दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर रस्त्याच्या मध्यावरून चाललेला असतो आणि त्यावरचा टेप कोसभर ऐकू येतो. मागून रुग्णवाहिका आली तर तिचा भोंगा त्या चालकाच्या कानी कसा पडावा? कन्नडच्या घाटात तर समोरच्या वळणावरचा हॉर्न ऐकूनच गाडी सावरायची असते. ट्रॅक्टरवर टेप असू द्या, रात्रभर जागणाऱ्या माणसाला तेवढीच सोबत. पण शेजारी बसलेल्याशी साध्या आवाजात बोलता येईल इतकाच तो लावावा.

सगळे जोडून झाले की टेप खाचेत बसवण्याआधी बॅटरीचे टोक लावून आवाज तपासावा. चारही स्पीकर एकेक करून ऐकावेत. मग हॉर्न, पुढचे-मागचे दिवे, इंडिकेटर, वायपर चालतात का ते पाहावे, कारण हात घालताना शेजारची तार निसटलेली असू शकते. चावी काढल्यावर टेप पूर्ण विझतो का, हे अंधार पडल्यावर पुन्हा एकदा पाहावे. पहिली रात्र गाडी घरीच उभी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या चावीला इंजिन लागते का ते बघूनच माल भरायला घ्यावा.