पडद्याची पारख

घरातील कपाटातून वडीलधाऱ्यांचा फिल्म कॅमेरा निघतो, त्यात पुन्हा रीळ भरले जाते आणि पहिली तक्रार होते ती अंधाराची. दर्शिकेतून दृश्य मंद दिसते. समोरचा चेहरा रेखीव झाला की नाही, हे उमगत नाही. अशा वेळी अधिक उजळ फोकसिंग स्क्रीन बसवण्याचा सल्ला मिळतो. सल्ला योग्य आहे. मात्र केवळ उजेड पाहून हा सौदा करू नये.

एसएलआर कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वळून या पडद्यावर पडतो. जुने पडदे दुधी काचेप्रमाणे प्रकाश चहूकडे विखुरतात. डोळ्यापर्यंत त्याचा थोडाच अंश पोहोचतो. १९७७ साली मिनोल्टाने एक्सडी मालिकेच्या कॅमेऱ्यांत ‘अ‍ॅक्यूट मॅट’ पडदा आणला. त्यावरील अतिसूक्ष्म भिंगांची रचना प्रकाश डोळ्याच्या दिशेने वळवते. पुढे हॅसलब्लाडनेही मिनोल्टाचे हे पडदे स्वीकारले.

या लाभाची किंमतही आहे. प्रकाश कमी विखुरला की धूसरताही कमी दिसते. एफ/१.४ च्या भिंगातून पाहताना जवळचे व दूरचे दोन्ही रेखीव भासतात आणि चूक कळते ती रीळ धुऊन आल्यावरच. म्हणून मोठ्या छिद्राच्या भिंगाने व्यक्तिचित्रे टिपणाऱ्याने किंचित मंद, पण धूसरता स्पष्ट दाखवणारा पडदा निवडावा. एफ/४ किंवा त्याहून लहान छिद्राच्या झूम भिंगांना उजळ पडदा खरा उपकारक ठरतो. तेथे मधोमध दुभंगलेली प्रतिमा दाखवणारा प्रिझम मात्र टाळावा. छिद्र लहान असले की त्याचा अर्धा भाग काळा पडतो.

दुसरी बाब प्रकाशमापनाची. ऑलिम्पस ओएम-१ सारख्या कॅमेऱ्यांत मापक पडद्यावरील प्रकाशच मोजतो. पडदा उजळ झाला की मापकाची फसगत होते आणि चित्र काळवंडते. पडदा बदलण्यापूर्वी व नंतर एकाच भिंगाने, त्याच उजेडात एकच भिंत मोजावी. जो फरक येईल तो एएसए तबकडीवर भरून काढावा.

तिसरी बाब उंचीची. भिंगापासून पडदा आणि फिल्म यांचे अंतर तंतोतंत समान असावे लागते. जुन्या पडद्याखाली पातळ पत्र्या असतील तर त्या जपून ठेवाव्यात. मोजपट्टी तिरकी ठेवून, छिद्र पूर्ण उघडून एका आकड्यावर फोकस साधावा व चित्र घ्यावे. तोच आकडा रेखीव उमटला तर बसवणी अचूक.

खर्चापूर्वी मूळ पडद्याची धूळ रबरी फुग्याने उडवून पाहावी. प्लास्टिकच्या पडद्यावर फडके वा द्रावण फिरवू नये. नवा पडदा घेताना स्वतःचे भिंग लावून दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यातील छापील अक्षरे पाहावीत. कडे किंचित फिरवताच अक्षरे धूसर होत असतील, तोच पडदा घ्यावा.