प्रकल्प वर्गासमोर मांडताना

उन्हाळ्यात माठातले गार पाणी तुम्ही नेहमीच पिता. त्या माठाला बाहेरून कधी हात लावून पाहिला आहे का? तो ओलसर लागतो. मातीच्या भांड्याला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांतून पाणी हळूहळू झिरपते आणि वाफ होऊन हवेत मिसळते. या क्रियेला मराठीत बाष्पीभवन म्हणतात. उर्दूत तिला तबखीर म्हणतात. एक ग्रॅम पाण्याची अशी वाफ होण्यासाठी सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ती माठातून आणि आतल्या पाण्यातून घेतली जाते. एक ग्रॅम पाणी एक अंशाने थंड करायचे तर त्यातून फक्त एक कॅलरी काढून घ्यावी लागते. आता हिशेब करा, म्हणजे थोडेसे पाणी उडून गेले तरी माठ एवढा गार का होतो, ते तुमच्या लक्षात येईल.

मालेगावच्या आमच्या शाळेत नववीच्या पाच मुलींनी याच गोष्टीवर एक प्रकल्प केला. तो वर्गासमोर मांडताना काय घडले, ते मी तुम्हांला सांगणार आहे. केव्हातरी तुम्हांलाही असा प्रकल्प मांडावा लागेल, आणि तोही कदाचित मराठीत.

त्या गटातील एका मुलीचे अब्बा हातगाडीवर भाजी विकतात. सकाळी टवटवीत असलेली कोथिंबीर आणि मेथी दुपारी तीनपर्यंत माना टाकते. मग जुडी निम्म्या किमतीला द्यावी लागते. गाडीवर वीज नाही, तेव्हा फ्रीजचा प्रश्नच नाही. मुलींनी ठरवले की, विजेशिवाय भाजी ताजी ठेवणारे साधन बनवायचे. त्यांनी तीन अटी वहीत लिहिल्या. वीज लागू नये. खर्च ५०० रुपयांच्या आत असावा. एका माणसाला ते उचलून गाडीवर ठेवता यावे. अटी आधी लिहिल्या हे फार बरे झाले. साधन तयार झाल्यावर अटी लिहिणारे गट मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचे साधन सर्व अटी पूर्ण करते, यात नवल ते काय!

मुलींनी निवडलेली रचना जगात आधीपासून होती. उत्तर नायजेरियातील मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकांनी १९९० नंतरच्या काळात ती आपल्या भागात पसरवली. त्यांचे घराणे कुंभारांचे होते. एका मोठ्या माठात लहान माठ ठेवायचा, दोन्हींच्या मधली जागा वाळूने भरायची, वाळूवर पाणी ओतायचे आणि वरून ओले फडके झाकायचे. बाहेरच्या माठातून पाणी उडत राहते आणि आतला माठ गार होतो. तीन दिवसांत खराब होणारी वांगी त्यांच्या माठात २७ दिवस टिकली. या कामासाठी त्यांना २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. मला त्यांची दुसरी एक गोष्ट अधिक आवडते. त्या गावांत लिहितावाचता न येणारे लोक पुष्कळ होते. म्हणून बाह अब्बांनी स्थानिक नटांकडून माठावर एक नाटक करवून घेतले, त्याचे चित्रीकरण केले आणि गावोगावी ते पडद्यावर दाखवले. समोर कोण बसले आहे, हे पाहून त्यांनी मांडणी ठरवली.

आमच्या मुलींच्या मांडणीचा पहिला मसुदा मात्र बाष्पीभवनाच्या व्याख्येने सुरू होत होता. व्याख्या पुस्तकातून जशीच्या तशी उतरवलेली होती. मी विचारले, "ही व्याख्या वर्गातल्या कोणाला ठाऊक नाही?" त्या हसल्या. दुसऱ्या मसुद्यात भाजीवाल्याच्या मुलीने आदल्या दिवसाची सुकलेली जुडी टेबलावर ठेवून सुरुवात करायची, असे ठरले. दुसरीने फळ्यावर माठाची उभी छेदाकृती काढायची, म्हणजे माठ मधोमध कापला तर आत कसा दिसेल ते चित्र. तिसरीने तापमानाचा तक्ता समजावून सांगायचा. चौथीने खर्च आणि वजन सांगायचे. पाचवीने एक छोटा प्रयोग करून दाखवायचा. एका तापमापीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळायचे, दुसरी तापमापी तशीच कोरडी ठेवायची आणि दोघींना वहीने वारा घालायचा. सरावात पाचच मिनिटांत कोरड्या तापमापीवर ३४ अंश आणि ओल्या तापमापीवर २२ अंश दिसले. जिने जे काम केले होते, तेच तिने बोलायचे, असा नियम होता. प्रश्न मात्र कोणालाही विचारला जाईल, म्हणून सर्वांना सर्व काही ठाऊक हवे होते.

भाषेची भीती होतीच. "सच्छिद्र" हा शब्द एकीच्या जिभेवर बसेना. मी म्हटले, "बारीक छिद्रे असलेला माठ असे म्हण." नमुना, तक्ता, खर्च, वजन, हिशेब हे शब्द तर तुमच्या घरातलेच आहेत. फार तर उच्चारात थोडा फरक होईल. पाठ केलेले भाषण मात्र टाळा. मध्येच कोणी प्रश्न विचारला की त्याचा धागा तुटतो आणि मग तो सापडत नाही.

मार्चमधल्या पाच दिवसांच्या नोंदी उत्तम होत्या. दुपारी तीन वाजता वर्गात ३६ अंश आणि आतल्या माठात २५ अंश तापमान असे. मांडणीच्या आदल्या संध्याकाळी मुलींना वाटले की माठ फार साधा दिसतो. त्यांनी बाहेरच्या माठाला हिरवा ऑइल पेंट दिला आणि त्यावर पांढरी फुले काढली. माठ खरोखर सुंदर दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी मांडणीपूर्वी त्यांनी तापमापी आत ठेवली. बाहेर ३३ अंश होते आणि आत ३१. पाण्याची छिद्रे रंगाने बुजली होती. वाफ होत होती ती फक्त वरच्या ओल्या फडक्यातून. गटात कुजबूज सुरू झाली. एक मुलगी म्हणाली, "कालपर्यंतच्या नोंदी खऱ्याच आहेत ना? त्याच सांगू या." नोंदी खऱ्या होत्या, हे बरोबर. पण त्या टेबलावरच्या हिरव्या माठाच्या नव्हत्या. मी काही बोलण्याआधी तक्त्याचे काम असलेल्या मुलीने पेन घेऊन सहावी ओळ लिहिली: "रंग दिल्यानंतर: बाहेर ३३, आत ३१." तिचा चेहरा रडवेला झाला होता.

मांडणी सुरू झाली. पाच ओळी वाचून झाल्या आणि सहावी वाचण्याआधीच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "माठ बाहेरून कोरडा का दिसतो?" क्षणभर सर्व शांत झाले. मग तिने सहावी ओळ वाचली आणि रंगाची हकीकत सांगितली. पाचव्या मुलीने तिथल्या तिथे आपल्या तापमापीवरच्या ओल्या फडक्याभोवती प्लॅस्टिकची पिशवी घट्ट गुंडाळली आणि वारा घातला. पारा वर चढू लागला. हे तिने सरावात कधीच केले नव्हते. त्यानंतर वर्गाने इतके प्रश्न विचारले की तास कमी पडला.

चौथ्या मुलीचे काम त्याहून अवघड होते. खर्च ५०० रुपयांच्या आत बसला होता. पण दोन माठ आणि ओली वाळू मिळून वजन ३० किलोंच्या वर गेले होते. तिने स्पष्ट सांगितले, "तिसरी अट पूर्ण झाली नाही. हे साधन घरात चालेल, हातगाडीवर चालणार नाही." कोणीतरी मुंबईत चालेल का, असे विचारले. याचे उत्तर हवेतील ओलाव्यावर अवलंबून आहे. हवा आधीच ओली असेल तर पाणी फारसे उडत नाही. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर अशा साधनाने फार तर तीन अंशांचा फरक पडतो. मालेगावच्या कोरड्या मार्चमध्ये मात्र दहा-अकरा अंशांचा फरक पडला. मुलींनी पुढे पावसाळ्यातही नवा, बिनरंगी माठ घेऊन नोंद केली. जुलैत बाहेर २८ अंश होते आणि आत २६. ही ओळही त्याच तक्त्यात आहे.

संध्याकाळी भाजीवाल्याच्या मुलीने घरी सर्व हकीकत सांगितली. अब्बा हसले आणि त्यांनी गाडीवरचे ओले गोणपाट दाखवले. भाजीवर ते रोजच घालतात आणि तासातासाला त्यावर पाणी शिंपडतात. त्यातही तेच बाष्पीभवन होते, आणि वजन तर काहीच नाही!

आता त्या गटाने दुसरी रचना हाती घेतली आहे. बांबूच्या कामट्यांची चौकट, तिच्याभोवती गोणपाट आणि वर पाण्याची बाटली. बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडले आहे, म्हणजे गोणपाट आपोआप ओले राहील. भोक किती मोठे असावे, यावर सध्या भांडण चालू आहे. पहिल्या भोकाने अर्ध्या तासात बाटली रिकामी झाली आणि अब्बांचा वजनकाटा भिजला. तेही त्यांनी वहीत लिहिले आहे.